हाडातले पांढरे दाणे अजून दिसतात, म्हणजे हाड भरलंच नाही का?

प्रश्न थोडक्यात असा. ३६ वर्षांचा भाऊ मोटरसायकलवरून पडला आणि गुडघ्याखालच्या हाडाचं वरचं टोक, ज्याला डॉक्टर टिबियल प्लॅटो म्हणतात, ते आत दबलं. ऑपरेशनमध्ये सांध्याची पातळी वर उचलून प्लेट-स्क्रू बसवले आणि खालच्या पोकळीत सिरॅमिकचे दाणे भरले. आता पाच महिने झाले. तो काठी न घेता चालतो, दुखत फारसं नाही, पण नव्या एक्स-रेमध्ये दाणे होते तसेच पांढरेफटक दिसतात. बहीण विचारते: हाड भरलं नाही का? कमरेचं हाड का नाही घेतलं? ही वस्तू नक्की काय आहे, सिरॅमिक हिपसारखंच का, कशापासून बनते, पुढे काढावी लागते का? आणि भाऊ मांडी घालून बसू शकेल का?

ताई, आधी सरळ उत्तर देतो. पाच महिन्यांनी दाणे दिसणं हे अपयश नाही. ते कुठल्या प्रकारचे आहेत त्यावर अवलंबून ते वर्षभर, दोन वर्षं किंवा कायमचेही दिसू शकतात. एक्स-रेमध्ये बघायची गोष्ट वेगळीच असते, तिच्याकडे नंतर येतो. पण गेली पंचवीस-एक वर्षं हाडांची ऑपरेशनं करताना हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे, की ओपीडीत पाच मिनिटांत जे सांगून होत नाही ते इथे सविस्तर सांगतो.

भावाच्या गुडघ्यात नक्की काय झालं, इथून सुरुवात करू. मांडीच्या हाडाचं खालचं टोक गोल असतं. पडताना ते खालच्या पठारावर (प्लॅटो म्हणजे पठारच) बत्त्यासारखं आदळतं. त्या पठाराखालचं हाड भरीव नसतं, अनारशासारखी जाळी असते. ती जाळी चेपली गेली की स्पंजासारखी परत फुगत नाही. आम्ही खालून भोक पाडून, पंचने हळूहळू ठोकत सांध्याचा तुकडा पुन्हा वर आणतो. सी-आर्मवर, म्हणजे ऑपरेशन चालू असताना वापरायच्या एक्स-रे यंत्रावर, पातळी सुरेख दिसते, पण खाली काहीच उरलेलं नसतं. पोकळी. वर कौलं नीट लावली आणि खालचे वासे गायब, अशी गत. म्हणून सांध्याच्या लगेच खाली आडवे स्क्रू घालतो (ते खरोखर वाशांचंच काम करतात) आणि पोकळी कशाने तरी भरतो.

कशाने भरायची? वर्षानुवर्षं त्याचं उत्तर एकच होतं: रुग्णाच्या कमरेच्या हाडातून जाळीदार हाड काढा आणि इथे भरा. आजही जिवंत पेशी, हाड तयार करायला सांगणारी प्रथिनं आणि आधाराची जाळी हे तिन्ही एकत्र देणारी दुसरी वस्तू नाही. पण दुसरी जखम होते, तिथलं दुखणं काही जणांचं महिनोन् महिने राहतं, मांडीच्या बाहेरच्या बाजूची संवेदना जाऊ शकते आणि मिळणारं हाडही मर्यादित. शिवाय टिबियल प्लॅटोच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात आली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशी १२० फ्रॅक्चर्स घेऊन कमरेचं हाड आणि कॅल्शियम फॉस्फेटचं सिमेंट यांची तुलना केली होती. उचललेला सांधा नंतर पुन्हा खचण्याचं प्रमाण कमरेच्या हाडाच्या गटात जास्त निघालं. मला आधी आश्चर्य वाटलं होतं, पण कारण साधं आहे. भरलेलं जिवंत हाड आधी विरघळून मग नव्याने बांधलं जातं, आणि त्या मधल्या आठवड्यांत ते मऊच असतं. सिमेंट मात्र घट्ट होऊन बसतं. तुमच्या भावाला सिमेंट नाही, दाणे भरले आहेत; दाणे एकमेकांना चिकटत नाहीत, ते दाबून बसवावे लागतात आणि भार बराचसा वासे-स्क्रू घेतात. तरी डॉक्टरांनी कमरेला हात न लावण्याचा निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. त्यांच्या जागी मीही बहुधा तेच केलं असतं.

आता ही वस्तू काय आहे ते. सिरॅमिक म्हटलं की आपल्याला कपबशी किंवा बाथरूमच्या टाइल्स आठवतात, आणि कपबशी हाडात भरली तर हाड तिला चिकटणार नाही हे खरंच आहे. शरीराने परक्या वस्तूला द्यायची ठरलेली वागणूक म्हणजे तिच्याभोवती तंतूंचा पातळ पापुद्रा गुंडाळून तिला वेगळं टाकणं. १९६० च्या दशकापर्यंत आमच्या शास्त्राचं ध्येयही तेवढंच होतं: शरीराला त्रास न देणारी, जिच्याशी काहीच घडणार नाही अशी वस्तू शोधा.

हे उलटं करणारा माणूस डॉक्टर नव्हता, काचेचा अभ्यासक होता. फ्लोरिडा विद्यापीठातले लॅरी हेंच १९६७ साली एका परिषदेला बसने चालले होते. शेजारी व्हिएतनामहून नुकताच परतलेला अमेरिकी सैन्याचा एक कर्नल. हेंच त्याला किरणोत्सर्गात टिकणाऱ्या पदार्थांबद्दल सांगत होते. कर्नलने विचारलं, किरणोत्सर्गात टिकणारी वस्तू बनवता, तर माणसाच्या शरीरात टिकणारी बनवता येईल का? त्याने तिथे धातू आणि प्लॅस्टिक शरीराने नाकारल्यामुळे कापावे लागलेले हातपाय बघितले होते. हेंच यांनी विचार केला, की हाडात मुळात कॅल्शियम आणि फॉस्फेट आहे, मग तेच पृष्ठभागावर तयार करणारी काच का करू नये? १९६९ साली त्यांनी जी काच वितळवली तिच्यात वजनाने ४५ टक्के सिलिका, २४.५ टक्के सोडियम ऑक्साइड, २४.५ टक्के कॅल्शियम ऑक्साइड आणि ६ टक्के फॉस्फरस पेंटॉक्साइड होतं. खिडकीच्या काचेत सिलिका ७० टक्क्यांच्या वर असते, म्हणून ती पावसात वर्षानुवर्षं तशीच राहते. हेंचची काच पाण्यात अस्वस्थ होते, आणि हेच तिचं मर्म. गेन्सव्हिलमधले अस्थिशल्यचिकित्सक टेड ग्रीनली यांनी तिचे तुकडे उंदरांच्या मांडीच्या हाडात बसवले. सहा आठवड्यांनी त्यांनी हेंचना फोन करून विचारलं, हे कसले नमुने दिलेत, ते हाडातून निघतच नाहीत! ढकलून, ठोकून बघितलं, हाड तुटेल पण काच सुटेना.

घडतं असं. काच ओली झाली की तिच्यातलं सोडियम बाहेर पडतं आणि पृष्ठभागावर सिलिकाचा जेलीसारखा थर उरतो. त्या थरावर रक्तातलं आणि काचेतलं कॅल्शियम-फॉस्फेट येऊन साचतं आणि थोड्याच काळात त्याचे हाडातल्या खनिजासारखे बारीक स्फटिक बनतात. मग हाड बनवणाऱ्या पेशी येतात, त्यांना समोर परकी काच दिसत नाही, ओळखीची भिंत दिसते. त्या कामाला लागतात. 'बायोअ‍ॅक्टिव्ह' या शब्दाचा अर्थ एवढाच: शरीराशी रासायनिक व्यवहार करून हाडाला थेट चिकटणारी. त्यात औषध नाही आणि जीवही नाही. या काचेची पहिली मान्यताप्राप्त वस्तू १९८५ साली अमेरिकेत आली ती कानातल्या हाडासाठी, आणि आज तिचीच पूड दात शिवशिवणाऱ्यांच्या काही टूथपेस्टमध्ये असते.

पण तुमच्या भावाला काच भरली असण्यापेक्षा कॅल्शियम फॉस्फेटचे दाणे भरले असण्याची शक्यता जास्त. इथे तीन-चार नावं कळली की एक्स-रेचं कोडं सुटतं.

सगळ्यात जुनं म्हणजे कॅल्शियम सल्फेट, म्हणजे आपलं प्लास्टर ऑफ पॅरिस. हो, गणपतीच्या मूर्तीचं तेच, अर्थात शुद्ध आणि निर्जंतुक. १८९२ साली ड्रेसमान या जर्मन डॉक्टरने हाडाच्या पोकळ्या त्याने भरल्याची नोंद आहे. ते साधारण दीड ते तीन महिन्यांत विरघळून जातं, बहुतेकदा हाड यायच्या आधीच. त्यात अँटिबायोटिक मिसळून जंतुसंसर्ग झालेल्या पोकळीत ठेवायला मला ते आवडतं. फक्त विरघळताना जखमेतून पाणी येतं आणि नातेवाईक घाबरून मध्यरात्री फोन करतात, हे आधी सांगून ठेवायला मी आता शिकलो आहे.

दुसरं, बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट. हे सहा महिने ते दोन वर्षं अशा वेगाने जातं आणि त्याच्या जागी हाड येतं. तिसरं हायड्रॉक्सिअपॅटाइट. हाडाच्या वजनापैकी जवळजवळ दोन तृतीयांश खनिज असतं आणि ते याच घराण्यातलं. म्हणून कंपनीचा माणूस 'डॉक्टर, हे म्हणजे हाडच आहे' असं सांगतो. अर्धसत्य आहे ते. शरीरातल्या खनिजाचे स्फटिक अतिसूक्ष्म, त्यात कार्बोनेट मिसळलेलं, रचनेत थोडी खोट असलेलं, म्हणून पेशी ते सहज झिजवू शकतात. भट्टीत हजार-बाराशे अंशांवर भाजलेल्या हायड्रॉक्सिअपॅटाइटचे स्फटिक मोठे आणि नेटके असतात, शरीराला ते फोडायला दहा-दहा वर्षं लागतात, किंवा फुटतच नाहीत. कच्ची वीट आणि पक्की वीट माती एकच, पण पावसात दोघींचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे. चौथा प्रकार या दोघांचं मिश्रण, बऱ्याचदा ६० टक्के हायड्रॉक्सिअपॅटाइट आणि ४० टक्के ट्रायकॅल्शियम फॉस्फेट. एक आधाराला राहतं, दुसरं जागा रिकामी करून देतं. भारतात फ्रॅक्चरच्या पोकळीसाठी हे मिश्रण आणि नुसतं हायड्रॉक्सिअपॅटाइट दोन्ही सर्रास वापरलं जातं. आपल्याकडे या विषयावर कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेत आणि तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत बरंच मूळ काम झालेलं आहे. ही केवळ परदेशातून आणायची वस्तू राहिलेली नाही.

दाण्याच्या आतली भोकंही महत्त्वाची. रक्तवाहिनी आणि हाड आत शिरायचं तर भोकं १०० मायक्रॉनपेक्षा मोठी हवीत, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा जास्त, आणि एकमेकांना जोडलेली हवीत. बंद भोकांचा उपयोग नाही. पण जितकी भोकं जास्त तितका दाणा ठिसूळ, आणि सिरॅमिक दाब सोसतं पण वाक आणि धक्का सोसत नाही. त्यामुळे आधाराशिवाय, प्लेटशिवाय भार घेणारं सिरॅमिकचं हाड असं काही मी तरी कुणाला देत नाही.

आता एक्स-रे. हायड्रॉक्सिअपॅटाइटची घनता पाण्याच्या ३.१६ पट, माणसाच्या टणक हाडाची जेमतेम दुप्पट, आणि जाळीदार हाडाची त्याहून कितीतरी कमी. म्हणजे दाण्याच्या आरपार हाड भरलं तरी फिल्मवर दाणा पांढराच दिसणार. दाणा किती पांढरा आहे यावरून काही ठरत नाही, त्याची कड बघायची. ऑपरेशननंतरच्या पहिल्या फिल्मवर दाण्यांच्या कडा सुरीने कापल्यासारख्या असतात आणि दाणे व हाड यांच्यामध्ये काळी बारीक फट असते. महिने जातात तशी ती फट बुजते, कडा धूसर होतात, दाणे आणि आजूबाजूचं हाड एकमेकांत मिसळायला लागतात. जुनी आणि नवी फिल्म शेजारी ठेवून डॉक्टरांना हे दाखवायला सांगा. तीन गोष्टी विचारा: काळी रेघ कमी झाली की वाढली, सांध्याची पातळी ऑपरेशनच्या दिवशी होती तिथेच आहे का, आणि एखाद्या स्क्रूभोवती काळं वलय आलंय का. पातळी जागेवर असेल, भाऊ पूर्ण वजन टाकून चालत असेल आणि दुखत नसेल, तर दाणे कितीही पांढरे दिसोत, मला झोप लागेल.

खरं अपयश कसं दिसतं तेही सांगतो, कारण ते मी स्वतः केलेलं आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत, तालुक्याच्या गावातल्या एका छोट्या हॉस्पिटलमध्ये, नडगीचं न जुळलेलं फ्रॅक्चर माझ्याकडे आलं. वर्ष होऊन गेलेलं, टोकं दगडासारखी टणक झालेली. मी प्लेट बदलली, आणि त्या काळात नवीनच हातात आलेले हायड्रॉक्सिअपॅटाइटचे दाणे भोवती भरपूर टाकले. टोकं खरवडली खरी, पण रक्त येईपर्यंत नाही. वेळ झाला होता, रक्तस्राव वाढायला नको वाटलं, आणि मनात कुठेतरी दाणे काम करतील असा भरवसा होता. आठ महिन्यांनी प्लेट तुटली. पुन्हा उघडलं तर दाणे जसेच्या तसे. ओल्या रव्यासारखे चिकट तंतूंत बसलेले, सलाइनची धार मारली आणि सगळे धुऊन बाहेर आले. ग्रीनलींच्या उंदरात काचेचा तुकडा ठोकूनही सुटला नव्हता आणि माझ्या रुग्णाच्या पायातून दाणे पाण्याबरोबर वाहून गेले. दाण्यांचा दोष नव्हता. कारल्याच्या वेलाला मांडव लागतो, पण मांडव घातला म्हणून वेल उगवत नाही. मेलेल्या, रक्तहीन टोकांमध्ये मी नुसता मांडव घातला होता. दुसऱ्या वेळी टोकांमधून रक्त येईपर्यंत छिललं, मज्जेची पोकळी उघडली, कमरेचं हाड घेतलं, प्लेट दाबून बसवली. जुळलं.

तुमच्या भावाची गोष्ट नेमकी उलटी आहे. गुडघ्याजवळचं जाळीदार हाड रक्ताने भरलेलं असतं, चारी बाजूंनी जिवंत भिंती असतात, पोकळी बंदिस्त असते. सिरॅमिकसाठी याहून चांगली जागा शरीरात फार थोडी. तंबाखू, गुटखा, मिश्री यांपैकी काही चालू असेल तर ते मात्र बंद करा, कारण रक्तवाहिन्या आकसल्या की चांगल्या जागेचीही माती होते. मिश्रीचं नाव मुद्दाम घेतलं. 'व्यसन आहे का' विचारल्यावर लोक ती सांगत नाहीत.

कशापासून बनते, या प्रश्नामागे बऱ्याचदा दुसराच प्रश्न असतो, 'हे गायीचं हाड आहे का?' विचारायला संकोच वाटतो म्हणून सरळ सांगतो. फ्रॅक्चरसाठी आपल्याकडे वापरले जाणारे बहुतेक दाणे रसायनांपासून कारखान्यात बनतात. पण जनावराचं हाड उच्च तापमानावर भाजून, त्यातलं सगळं सेंद्रिय काढून बनवलेली हायड्रॉक्सिअपॅटाइटंही बाजारात आहेत, दातांच्या कामात जास्त. प्रवाळापासून बनवलेलीही असतात. आणि माणसाचं दान केलेलं हाड हा प्रकार वेगळा. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये १९८८ पासून ऊतिपेढी (टिश्यू बँक) आहे, तिथलं हाड गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेलं असतं. भावाच्या फाइलमध्ये ऑपरेशनच्या कागदांवर इम्प्लांटचे स्टिकर चिकटवलेले असतील. त्यावर वस्तूचं नाव, बॅच नंबर आणि बहुतेक वेळा घटकही लिहिलेले असतात. स्टिकर नसतील तर मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे, आणि दहा वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर तोच कागद उपयोगी पडेल.

काढावी लागते का? नाही. पुढे प्लेट काढायची वेळ आली तरी दाणे तसेच ठेवतात. तोवर ते हाडाचाच भाग झालेले असतात. त्यांच्यामुळे एमआरआयलाही अडचण नाही. प्लेटच्या धातूबद्दल मात्र एमआरआयवाल्यांना सांगायचं.

जाता जाता एक गोंधळ दूर करतो, कारण तुमच्या प्रश्नात 'सिरॅमिक हिपसारखंच का' असंही होतं. नाही. खुब्याच्या सांधेबदलात जो गुळगुळीत सिरॅमिकचा गोळा असतो तो अ‍ॅल्युमिनाचा किंवा अ‍ॅल्युमिना-झिर्कोनियाचा, आणि तो कशालाच चिकटू नये, घासला तरी झिजू नये म्हणून निवडलेला असतो. त्याच सांध्याच्या दांड्यावर हायड्रॉक्सिअपॅटाइटचा पातळ थर फवारलेला असू शकतो, तो मात्र हाडाने धरावं म्हणूनच. लंडनमध्ये फर्लाँग यांनी असा दांडा १९८५ साली पहिल्यांदा बसवला. एकाच सांध्यात दोन सिरॅमिक, दोन विरुद्ध कामांना.

राहता राहिली मांडी. ती दाण्यांवर अवलंबून नाही. सांध्यावरची कूर्चा त्या दिवशी किती भरडली गेली, मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली गादी, शाबूत आहे का आणि गुडघा किती वाकतो, यावर आहे. आत्ता गुडघा किती अंश वाकतो ते फिजिओथेरपिस्टकडून मोजून घ्या. १२० च्या पुढे गेला असेल तर बेत करण्यासारखं आहे, पण आधी पाटावर बसायची सवय करू द्या, जमीन नंतर. ९० च्या आसपास अडकला असेल तर मात्र पुढच्या एक्स-रेची वाट बघत बसू नका, याच आठवड्यात दाखवा. पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर आखडलेला गुडघा नुसत्या व्यायामाने सोडवणं दर आठवड्याला अवघड होत जातं.